विंगेतली शीळ

मी न सांगितलेलं असं काही अजून उरलंय, यावर सोलापुरात कुणाचा विश्वास बसायचा नाही. मला लांबून येताना बघून ओळखीची माणसं गल्ली बदलतात — सापडलो तर तासभर सुटका नाही म्हणून. न आलेल्या पुरात मी वाहून गेलोय. न झालेल्या मारामाऱ्यांत मी तिघांना लोळवलंय. होटगीच्या स्टेशनात एकदा नुसत्या हाताच्या इशाऱ्यानं मालगाडी थांबवलीय. (मालगाडी थांबणारच होती. सिग्नल लाल होता. असो.)

म्हणजे न घडलेलं सगळं माझं सांगून झालंय. घडलेलं एक तेवढं राहिलंय. ते बायकोला सांगितलं नाही, आणि ती गेली. मुलगा पुण्याहून रविवारी फोन करतो, त्याला गोळ्या घेतल्या का एवढंच विचारायचं असतं. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा लिहिताना माझं तोंड कुणाला दिसत नाही म्हणून. हे तोंडाचं काय, ते पुढं येईल. मला जरा आडवळणानं जायची सवय आहे, सांभाळून घ्या.

सुरुवात चहाच्या टपरीपासून करतो. आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याचा फोन वाजला की त्यातून शीळ येते. ती तुम्हीही ऐकली असेल. हल्ली पोरंपोरी त्या शिळेवर नाचून व्हिडिओ टाकतात, लग्नात नवरा-नवरी त्या शिळेवर मांडवात येतात. कुणीतरी तिच्याखाली धडाम-धडाम ढोल घातलेत, तरी शीळ जुनीच आहे. साठ सालानंतर कधीतरी निघालेली छोटी तबकडी — दोन बाजूंना दोन गाणी. मागच्या बाजूला एक अंगाई होती, ती कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. पुढच्या बाजूला होतं ‘घंटी वाजव, सायकलवाल्या’.

गाणं काय, साधंच. एक मुलगी खिडकीत उभी आहे, खालून सायकलवाला जातो, ती म्हणते घंटी वाजव म्हणजे मला कळेल. त्याच्या सायकलला घंटीच नाही. म्हणून तो शीळ घालतो. दोन कडव्यांच्या मध्ये ती शीळ येते — चढते, वळते, गल्लीबोळातून निघाल्यासारखी जाते, परत फिरते आणि कुठंही तुटत नाही. श्वास घ्यायलासुद्धा थांबत नाही. ऐकणारा दर वेळी तेच विचारतो, हा माणूस श्वास घेतो तरी कुठं?

आणि सोलापुरात याचं उत्तर म्हणून लोक माझ्याकडं बोट दाखवतात. हे काय, हेच ते. विचारा त्यांनाच.

मग मी सांगतो. सिद्धेश्वराच्या तळ्यात लहानपणी बुड्या मारून दम कसा कमावला. एका बुडीत या काठावरून त्या काठाला कसा निघायचो. मुंबईत रेकॉर्डिंगला शीळ सुरू केली तेव्हा खिडकीत एक कबुतर येऊन कसं बसलं आणि शीळ संपेपर्यंत हललं नाही. रेकॉर्डिंगवाल्या साहेबाचं मनगटावरचं घड्याळ कसं बंद पडलं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की त्या कबुतराच्या गळ्याचा रंगसुद्धा माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मला पोहता येत नाही.

आता जरा मागं जाऊ. आमच्या पेठेचा मेळा होता. आता मेळा म्हणजे काय हे सांगावं लागतं, इतकी वर्षं झाली. गणपतीच्या दिवसांत पेठेपेठेतली पोरं गाणी, नकला, छोटी नाटकं बसवायची आणि या मांडवातून त्या मांडवात करत फिरायची. आमचा मेळा बापूमास्तर बसवायचे. शाळेत गाणं शिकवायचे, चाली स्वतः बांधायचे, आणि पोरं बेसूर झाली की हार्मोनियमवरची कापडी खोळ काढून मारायचे. ‘घंटी वाजव’ त्यांचंच. गाणारी कुसुम, आमच्याच पेठेतली. आणि सायकलवाला मी.

मी तेव्हा गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली कारकून होतो. नाक सरळ, मिशी पातळ, केसांना भरपूर तेल. रंगमंचावर सायकल स्टँडवर उभी असायची. मी पायडल मारायचो आणि पाठीमागं रंगवलेलं तळं दोघं जण कापडासकट ओढत न्यायचे, त्यामुळं सायकल पुढं निघालीय असं वाटायचं. शिळेची जागा आली की मी एक हात सोडून ओठांचा चंबू करायचो आणि मान तिरकी करायचो. बायका पदर तोंडाला लावायच्या. मी वाढवून सांगत नाहीये — म्हणजे, फार वाढवून सांगत नाहीये.

शीळ विंगेतून यायची. राजेशमची.

राजेशम आमच्याच गिरणीत मागावर होता. शहराच्या पूर्व भागात घर, घरात तेलुगू, बाहेर आपली सोलापुरी. मोठा देह, जाड ओठ, आणि जीभ माझ्यापेक्षा तिखट. साधा, गरीब बिचारा वगैरे अजिबात नव्हता, तसं चित्र काढू नका. स्वतःच्या शिळेचा त्याला इतका गर्व होता की कुणी दुसरा शीळ घालायला लागला तर हा कान झाकून घ्यायचा. फक्त एक अडचण. समोर माणसं दिसली की त्याला हसू यायचं. हसू आलं की ओठ पसरायचे, आणि शीळ जायची. म्हणून तो विंगेत, आणि तिथंही भिंतीकडं तोंड करून.

“तू चंबू कर पंत,” तो म्हणायचा. “लांबनं बघणाऱ्याला काय कळतंय बे.”

त्याचा श्वास कुठं असायचा, तेही सांगतो. त्या वेळी मागावर धोट्यात — आडवं सूत घेऊन इकडून तिकडं धावणाऱ्या लाकडी होडीत — नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. ओठ लावायचे, सुर्रकन आत ओढायचं, सूत बाहेर. पाळीभर हेच. ते ओढता ओढता राजेशमला श्वास आत घेतानाही शीळ घालता यायला लागली. बाहेर सोडताना घालायचा, आत घेतानाही घालायचा, म्हणून ती तुटायची नाही. तळं नाही, बुड्या नाहीत. धोट्याच्या भोकाला लावलेले ओठ, बस. मी गिरणीत होतो, पण खातं वेगळं. काचेच्या आत खुर्चीवर बसून माणसं आत किती वाजता गेली ते बघायचो. मागांच्या खात्यात मी कधी पाय ठेवला नाही. कापूस नाकात जातो, शर्टाला चिकटतो.

तेवढ्यात मुंबईच्या एका कंपनीच्या माणसानं आमचा मेळा पाहिला आणि गाणं तबकडीवर घ्यायचं ठरलं. मुंबईला बापूमास्तर, कुसुम आणि तिचे वडील, तबलजी आणि राजेशम एवढ्यांनाच बोलावलं होतं. मी रजा टाकून गेलो. कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्याशिवाय सायकलवाला कसा होणार? हार्मोनियम मीच उचलली, म्हणजे कुणी मागं राहा म्हणायला नको.

स्टुडिओच्या दारात साहेबानं विचारलं, “आणि हे काय वाजवतात?”

बापूमास्तर म्हणाले, “हा सायकल चालवतो.”

सगळे हसले. राजेशम सगळ्यांत जास्त. साहेब म्हणाला, सायकलचं काही काम नाही, गर्दी नको. दार बंद झालं. मी बाहेर जिन्यात बसलो. हार्मोनियम आत गेली होती, तिची खोळ माझ्या मांडीवर राहिली होती.

ते लोक बाहेर आले तेव्हा राजेशमनं माझ्या पाठीत एक गुद्दा घातला. “भितीकडं तोंड करून घातली बे. साहेब म्हणतंय, माईक हिकडं हाय. म्या म्हणलं, मग माईक तिकडं न्या की. न्हेला की राव त्यानं.” परत येताना गाडीत तो कुर्डुवाडीपर्यंत हेच सांगत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. मला काय झालं होतं? राग नव्हता. आपल्याला वगळून जग नीट चालतं, हे पहिल्यांदा कळल्यावर जे होतं, ते झालं होतं.

तबकडी आली. मधल्या गोल कागदावर कुसुमचं नाव, खाली बापूमास्तरांचं. शीळ कुणाची, ते कंपनी कशाला छापते?

आणि मग ते गाणं सुटलं. लग्नाच्या मांडवात, हॉटेलात, गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यावरच्या कर्ण्यात — एकदा वाजायला लागलं की आख्खी पेठ त्या शिळेत. लोक मला थांबवायला लागले. अरे, तो सायकलवाला तूच ना? शीळ तुझी ना? मेळ्यात त्यांनी मलाच चंबू करताना पाहिलं होतं, त्यांचंही काय चुकलं? पहिल्या वेळी मी हसलो. नाही म्हणालो नाही. एवढंच केलं. दुसऱ्या वेळी म्हणालो, हो, जमून गेली खरी. तळं त्यानंतर आलं. कबुतर बरंच नंतर.

राजेशमला हे सगळं माहीत होतं. त्याला मजा वाटायची. रोज संध्याकाळी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन शीळ घालायचा, मी चप्पल घालून खाली उतरायचो आणि आम्ही टपरीवर जायचो. तिथं कुणी नवा माणूस असला की हा मला डिवचायचा. “कबुतराचं सांग की बे पंत, ह्यांनी ऐकलं न्हाई.” मी सांगायचो, आणि हा चहा सांडेपर्यंत हसायचा. त्याच्या गल्लीत सगळ्यांना खरं ठाऊक होतं. पण त्याच्या गल्लीच्या बाहेर कोण विश्वास ठेवणार? सायकलवर तर मी होतो.

एकदाच तो न हसता बोलला. “तुझ्या गप्पा हायेत ते असू देत बे. पर कवातरी एकदा, मोठ्या लोकात, माईकवर सांग. शेवटाला सांग पायजे तर. शीळ ह्याची हाय म्हणून. एकदा सांग, बास.”

मी म्हणालो, सांगतो की. त्यात काय.

गिरणी बंद पडली. तो यंत्रमागावर टॉवेल विणायला लागला — तिथला आवाज गिरणीपेक्षा वाईट, पत्र्याच्या खोलीत आठ माग. त्याचे कान हळूहळू गेले आणि मग पूर्ण गेले. तरी आमचं बोलणं काही थांबलं नाही. मागावरच्या माणसांना कानांची फार गरज नसते. त्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून ही मंडळी आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि पलीकडचा ते वाचतो. साहेब मध्ये उभा असताना त्याच्या दोन्ही बाजूंनी त्याच्यावरच विनोद चाललेले असायचे, आणि त्याला पत्ता नसायचा. तर राजेशम माझ्या तोंडाकडं बघायचा आणि मी बोलायचो. खरं सांगायचं तर इतकं लक्ष देऊन मला कुणीच कधी ऐकलं नाही. डोळ्याची पापणी न हलवता. लोक कानांनी ऐकतात तेव्हा डोळे इकडं तिकडं फिरवत असतात.

गल्लीच्या तोंडाशी येऊन तो शीळ मात्र घालायचाच. त्याला ती ऐकू येत नव्हती. ओठांना कळायची म्हणे.

आता त्या कार्यक्रमाचं सांगायला हवं. इथपर्यंत आलो की मी दर वेळी उठून पाणी प्यायला जातो. आत्ताही गेलो होतो.

काही वर्षांपूर्वी इथल्या एका हौशी मंडळानं जुन्या मेळ्यांच्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला. रविवारी सकाळी, वाचनालयाच्या हॉलमध्ये. बापूमास्तर कधीच गेले होते. कुसुम लग्न होऊन हुबळीला गेली होती, तिचा पत्ता लागला नाही. म्हणून सत्कार माझा — त्या अजरामर शिळेचे मानकरी म्हणून. बोलावणं घेऊन दोघं जण आले, तेव्हा तरी सांगता आलं असतं. नाही सांगितलं. पण मी दुसरं ठरवलं, आणि ते मनापासून ठरवलं होतं, यावर तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी राजेशमकडं गेलो आणि म्हणालो, रविवारी चल माझ्याबरोबर. शाल मला देऊ देत. मग मी माईक घेतो, तुला वर बोलावतो आणि सांगतो.

त्यानं माझ्या ओठांवरून ते दोनदा वाचून घेतलं. परत म्हण, म्हणाला. मी परत म्हणालो. त्यानं आत वळून बायकोला, भारतक्काला, तेलुगूत काहीतरी सांगितलं. तिनं हातातलं ताट खाली ठेवलं.

रविवारी मी रिक्षा घेऊन गेलो तेव्हा तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पायरीवर बसला होता. दाढी गुळगुळीत. गुडघ्यांमुळं भारतक्का येणार नव्हती. रिक्षात बसताना म्हणाला, “वर बोलावलास तर हसू येतंय बघ मला. भितीकडं तोंड करून हुभारतो.”

पहिल्या रांगेत, अगदी मध्ये, मी त्याला बसवलं.

निवेदन करणारी मुलगी फार गोड बोलली. मग दिवे मंद करून त्यांनी मूळ तबकडीच लावली. शीळ सुरू झाली. हॉल — काय सांगू, माणसं छताला लटकली होती — नाही. हॉल भरला होता, एवढंच. शंभरेक असतील. पण शीळ संपली आणि ते सगळे उठून उभे राहिले. माझ्याकडं बघून. मला कधीच कुणी उठून टाळ्या दिल्या नव्हत्या. मी आयुष्यभर लोकांना बोलून बसवून ठेवलेलं, तेवढंच. एक म्हातारी डोळे पुसत होती. शाल माझ्या खांद्यावर होती, माईक माझ्या हातात होता, आणि राजेशम पहिल्या रांगेत उभा राहून माझ्या तोंडाकडं बघत होता.

मी माईक वर घेतला. इतका वर की तो ओठांसमोर आला.

नीट समजून घ्या. माईक हनुवटीखाली धरून मी हजारदा बोललोय, गणपतीत, हळदीकुंकवात, निवडणुकीत. मला माहीत आहे तो कुठं धरतात. त्या दिवशी तो मी तोंडावर धरला, ओठ झाकले जातील असा, आणि दुसरा हात कोपरातून वाकवून त्याच्यावर असा आणला की जणू गहिवरून आलंय. आणि मग मी तळ्याचं सांगितलं. कबुतराचं सांगितलं. घड्याळाचं सांगितलं. शेवटी म्हणालो, ही शीळ म्हणजे माझ्या सोलापूरच्या मातीचा श्वास आहे. तोपर्यंत मला हे वाक्य माहीतसुद्धा नव्हतं. तोंडाला आलं.

अधूनमधून मी त्याच्याकडं बघत होतो. तो हसत नव्हता. मी कबुतरावर आलो, तेव्हाही नाही. मी स्वतःची समजूत घातली, दिसत नसेल त्याला. बरं झालं.

मग मी त्याच्याकडं हात केला. म्हणजे सगळं काही सोडलं नाही, असं मला वाटायला हवं होतं. म्हणालो, आणि हे माझे जुने मित्र, माझे श्रोते. लोकांनी त्याच्याकडं बघून टाळ्या वाजवल्या. त्यानं हात जोडले.

रिक्षात मी त्याच्याकडं वळलो, तोंड नीट उजेडात आणलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, सांगितलं. तुझं नाव घेतलं. टाळ्या बघितल्यास ना?

तो माझ्या ओठांकडं बघत राहिला. मी गप्प झाल्यावरही थोडा वेळ बघत राहिला — जणू अजून काही यायचं आहे. मग त्यानं मान हलवली. बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसानं गाव विचारलं की आपण हलवतो तशी.

त्याच्या गल्लीत रिक्षा शिरली तर दारात माणसं. शेजारपाजारचे, मागावरचे दोघंतिघं, भाच्या, सुना. भारतक्का खुर्ची टाकून बसलेली, मांडीवर पेढ्यांचा पुडा. त्यांना कुणी सांगितलं होतं ते सांगायला नको. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी रिक्षावाल्याला द्यायचे सुटे पैसे मोजायला लागलो.

राजेशमच बोलला. त्याचा आवाज बहिऱ्या माणसाचा, सगळ्या गल्लीला ऐकू जाणारा. “पंतानं नाव घेटलं. वर बोलावलं. समद्यांनी हुभारून टाळ्या दिल्या.” आणि त्यानं पुडा फोडून पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

मी तो खाल्ला. तुम्हाला काय वाटलं, खाली ठेवला असेल?

दोन-तीन संध्याकाळी शीळ आली नाही, म्हणून मीच गेलो. तो घरी नव्हता, जॉबरकडं, म्हणजे मागांच्या मुकादमाकडं, गेला होता. भारतक्कानं पाणी दिलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “तळ्याचं आन कबुतराचं लई रंगवून सांगितलात म्हणे, अण्णा.”

मी बोललो ते असं — आणि हेही लिहितो, सोडत नाही — मी म्हणालो, त्याला कसं कळलं? माईक तर तोंडासमोर होता.

तिनं तेव्हा बघितलं. “तितं कापूस उडतोय म्हणून समदे तोंडाला फडकं बांधून असायचे, अण्णा. फडक्यातनं बोलायचे. गाल हालतेत, गळा हालतोय, डोळं हायेत. इस-पंचवीस माग सोडून पल्याडचा काय बोलायला ते कळायचं त्यांना. माईक एवढासा असतोय.” मग ती भांडी घासायला घेतलेली तशीच ठेवून आत गेली आणि आतून म्हणाली, “तुमी गिरणीतच हुता की.”

होतो की. काचेच्या आत.

त्यानंतर तो दोन-अडीच वर्षं होता. भांडला नाही. बोलणं टाकलं नाही. मी गेलो की चहा व्हायचा, खुर्ची झटकून मिळायची. तो बोलायचाही — टॉवेलाचं, गुडघ्यांचं, नातवाच्या शाळेचं. फक्त माझ्या तोंडाकडं बघायचा बंद झाला. मी बोलायला लागलो की तो माझ्या हातांकडं बघायचा, बशीकडं, दारातून जाणाऱ्या कुत्र्याकडं. कुठंही, पण तोंडाकडं नाही. बहिऱ्या माणसानं तोंडाकडं बघणं सोडलं की तुम्ही त्याच्यासमोर नसताच. आधी मला वाटलं, नजर कमी झाली असेल. पण भारतक्का बोलली की त्याचे डोळे तिच्या ओठांवर जायचे. पोस्टमन आला की पोस्टमनच्या.

एकदा मी सांगितलं त्याला. सगळं. खुर्ची पुढं ओढून, त्याच्या समोर तोंड आणून — माईक मुद्दाम वर धरला होता, चुकून नाही, रिक्षातही खोटं बोललो, हे तुला माहीत आहे हे मला माहीत आहे. राजेशमनं डोळे मिटून घेतले. दुपारची झोप आल्यासारखे. मी पूर्ण बोलून होईपर्यंत मिटलेलेच ठेवले. मग उघडून विचारलं, “आनिक चहा टाकायचा का?”

गल्लीच्या तोंडाशी शीळ परत कधी आली नाही. तो गेला त्या दिवशी त्याच्या दारात माणसं जमली होती, तीच, पेढेवाली. एका म्हाताऱ्या मागवाल्यानं मला पुढं जागा करून दिली आणि शेजारच्याला म्हणाला, हे पंत, ह्यांनीच माईकवर राजेशमचं नाव घेटलंवतं.

आता कोण राहिलं? भारतक्का लेकीकडं मोडनिंबला गेली. त्या रविवारी खरं काय झालं ते माहीत असलेला इथं मी एकटा. पूर्वी खोटं बोलताना निदान एक माणूस शेजारी बसून हसायचा. आता टपरीवर कुणी कबुतराचं विचारलं तर मी सांगतो आणि ते ऐकतात, फोनकडं बघत बघत. संध्याकाळी त्या वेळेला मी अजून चप्पल घालतो. खाली उतरतो. चहावाल्याचा फोन वाजतो, त्यातून ती शीळ येते, आणि दर वेळी माझी मान गल्लीच्या तोंडाकडं वळते.

गेल्या महिन्यात एक मुलगी कॅमेरा घेऊन घरी आली. ही व्हायरल झालेली शीळ कुणाची, ते शोधत आली होती. हुशार होती. माईक तिनं माझ्या शर्टाच्या गुंडीला लावला, तोंड मोकळं. समोर कॅमेरा, उजेड चांगला. राजेशम नव्हता, भारतक्का नव्हती, सत्कार नव्हता, टाळ्या नव्हत्या. थांबवायला कुणी नव्हतं आणि भाग पाडायलाही कुणी नव्हतं. तिनं विचारलं, काका, मध्ये श्वास कुठं घेतलात?

मी तळ्यापासून सुरुवात केली. कबुतरासकट सांगितलं.

ती म्हणाली, थोडीशी घालून दाखवा ना आता. मी म्हणालो, कवळी आहे बाळ.

शीळ राजेशमची आहे. स्टुडिओत भिंतीकडं तोंड करून घातलेली. मी बाहेर जिन्यात होतो, मांडीवर हार्मोनियमची खोळ घेऊन, आणि दार बंद असल्यामुळं मला ती तेव्हा ऐकूसुद्धा आली नव्हती.